'समजलं सर': वर फेकलेला चेंडू, सिडनीतला एक प्रयोग आणि आमच्या औंढ्याच्या लहरी

नववीचा वर्ग, 'गतीचे नियम' हा धडा. मी टेनिसचा चेंडू वर फेकला, झेलला, परत फेकला. मग फळ्यावर चित्र काढलं: चेंडू हातातून सुटलाय आणि वर चाललाय. "या घडीला चेंडूवर कोणकोणती बलं आहेत? वहीत बाण काढा."

बाकांमधून फिरत वह्या पाहिल्या. जवळपास प्रत्येक वहीत दोन बाण. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. दुसरा वर, पहिल्याहून चांगला लांब. वरचा कशाचा? "हाताचा जोर, सर." पण हात तर मागे राहिला, चेंडू सुटून गेला; आता हात त्याला काय करणार? मागच्या बाकावरून एक उत्तर आलं. ते मी तसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: "हातानं दिलेला जोर त्याच्यात असतोय ना सर. तो सरला की येतंय खाली."

उत्तर चुकीचं आहे, पण इतकं स्वच्छ मांडलेलं की दाद द्यावीशी वाटली.

शाळेला एका कंपनीकडून टीव्ही आणि सोबत विज्ञानाच्या छोट्या व्हिडिओंचा संच मिळालेला आहे. त्यातला याच विषयावरचा चार मिनिटांचा व्हिडिओ लावला. ॲनिमेशन सुरेख, आवाज गोड, भाषा सोपी. चेंडू सुटल्यानंतर हवेचा विरोध सोडला तर त्याच्यावर फक्त गुरुत्वाकर्षण असतं, ते सतत खालीच असतं, चेंडू वर जातो तो जडत्वामुळे, आणि अगदी वरच्या टोकाला वेग शून्य झाला तरी बल तेवढंच राहतं. सगळं बरोबर, काही राहिलं नाही. "समजलं?" एका सुरात "समजलं सर!"

दुसऱ्या दिवशी तेच चित्र, तोच प्रश्न. वह्यांत परत दोन बाण. फरक एवढाच की काही जणांनी वरचा बाण आता हिरव्या पेनने काढला होता, कारण व्हिडिओत वर जाणारा बाण हिरवा होता. तो बाण वेगाचा होता, बलाचा नव्हता. पण बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं ते कोण वाचतंय! मुलांनी पाहिलं ते इतकंच, की टीव्हीवरच्या चेंडूलाही वर बाण आहे. म्हणजे आपलं बरोबरच होतं.

आधी मुलांवर चिडलो, मग त्या व्हिडिओवर. ज्या प्रकरणाने हे चिडणं थांबवलं ते सिडनीतलं आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग त्याच्याबद्दल आहे.

सिडनीत काय झालं

डेरेक मुलर हे नाव आज बहुतेकांना 'व्हेरिटॅसियम' या यूट्यूब वाहिनीमुळे माहीत असतं. त्याआधीचा मुलर फारसा कुणाला ठाऊक नसतो. जन्म ऑस्ट्रेलियातला, वाढला कॅनडात. तिथल्या क्वीन्स विद्यापीठातून अभियांत्रिकी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि चित्रपट दिग्दर्शन शिकायचं म्हणून हा गडी परत ऑस्ट्रेलियात आला. झालं असं की त्याने सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली, आणि तीही या दोन्ही आवडी जिथे भेटतात त्याच विषयावर: भौतिकशास्त्र शिकवणारे व्हिडिओ नेमके कसे असावेत? प्रबंध २००८ साली पूर्ण झाला.

त्याच वर्षी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रयोगात भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे ३६४ विद्यार्थी होते. विषय न्यूटनचा पहिला आणि दुसरा नियम. म्हणजे आमच्या नववीचाच धडा, फक्त विद्यार्थी विद्यापीठातले. व्हिडिओ चार प्रकारचे केले होते आणि कुणाला कोणता दाखवायचा ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं, निवडून नाही.

पहिला प्रकार साधं निवेदन: थोडक्यात, मुद्देसूद, व्याख्यानासारखं. दुसऱ्यात तेच निवेदन, वर थोडी रंजक जास्तीची माहिती. तिसऱ्यात निवेदनाच्या जोडीला लोकांचे नेहमीचे गैरसमज उघड बोलून दाखवले आणि ते का चूक आहेत ते सांगितलं. चौथ्यात हेच गैरसमज एका विद्यार्थ्याच्या तोंडी घातले. तो शिक्षकाशी बोलतो, आपलं चुकीचं मत मांडतो, अडतो, वाद घालतो आणि हळूहळू मत बदलतो.

व्हिडिओच्या आधी आणि नंतर सर्वांची परीक्षा. प्रश्न गणितं घालणारे नव्हते. संकल्पना तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नसंचांतले होते. त्यांची खुबी अशी की प्रत्येक चुकीचा पर्याय हा कुणाच्या तरी मनातला खराखुरा गैरसमज असतो. पाठांतर तिथे कामी येत नाही.

निकाल मुलरने पुढे आपल्या एका व्हिडिओत सांगितला आहे. साधं, स्वच्छ निवेदन पाहणाऱ्यांची सरासरी आधी २६ पैकी ६.० होती, नंतर ६.३ झाली. पूर्ण व्हिडिओ पाहून तीन दशांश गुणांची कमाई! याच विद्यार्थ्यांना व्हिडिओ कसा वाटला म्हणून विचारलं, तर उत्तरं होती: स्पष्ट, नेमका, समजायला सोपा. आणि गंमत म्हणजे आपल्या (बहुतेक चुकीच्याच) उत्तरांबद्दल त्यांची खात्री आधीपेक्षा वाढली होती.

चुका बोलून दाखवणारे व्हिडिओ ज्यांनी पाहिले त्यांना ते गोंधळात टाकणारे वाटले. डोकं जास्त चालवावं लागलं, असंही ते म्हणाले. आणि त्यांची सरासरी ६ वरून सुमारे ११ वर गेली.

शोधनिबंधात हाच फरक संख्याशास्त्राच्या मापात दिला आहे. साध्या निवेदनाच्या तुलनेत संवादाचा (म्हणजे चौथ्या प्रकाराचा) परिणाम ०.८३ आणि खंडनाचा (म्हणजे तिसऱ्याचा) ०.७९. हे माप रोजच्या भाषेत आणायचं तर ढोबळ हिशोब असा: संवाद पाहिलेल्या गटातला मधला विद्यार्थी साध्या निवेदनाच्या गटात नेऊन बसवला, तर प्रगतीच्या बाबतीत तो तिथल्या साधारण ८० टक्के मुलांच्या पुढे निघेल. ज्यांना आधी कमी येत होतं त्यांना सर्वात जास्त फायदा झाला. ज्यांना आधीच बरंचसं येत होतं त्यांचं चुका ऐकून काही नुकसान झालं नाही.

हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या शिक्षक खोलीतला सगळ्यात जुना वाद हाच आहे. "चुकीचं फळ्यावर लिहूच नका, पोरांच्या तेच लक्षात राहतं." डी.एड.ला असताना मलाही हेच शिकवलं होतं. शुद्धलेखनात ते खरं असेलही. 'आशीर्वाद' हा शब्द चुकीचा लिहिलेला वारंवार पाहिला की स्वतःलाच शंका येऊ लागते, हा माझाच अनुभव आहे. पण शुद्धलेखनात चूक बाहेरून आत येते. चेंडूच्या बाबतीत ती आधीपासून आत बसलेली असते. फळ्यावर न लिहिल्याने ती जात नाही, फक्त मला दिसत नाही.

गुळगुळीत व्हिडिओ मनावरून घसरतो का?

मुलरचं स्पष्टीकरण थोडक्यात असं. विषय आधीच माहीत आहे असं ज्याला वाटतं, तो व्हिडिओकडे पुरतं लक्ष देत नाही. ओळखीचे शब्द कानावर पडतात, 'हे तर मला येतंच' म्हणून मन सैल होतं, आणि आपलं मत व आपण पाहतोय ते यांत भांडण आहे हे ध्यानातच येत नाही. नंतर आठवायची वेळ आली की व्हिडिओत पाहिलं म्हणून जे आठवतं, ते खरं तर स्वतःचंच जुनं मत असतं.

आमच्या हिरव्या बाणाचं अगदी हेच झालं होतं.

मला यात आपल्या भाषेचाही हात दिसतो. पुस्तकात 'बल' आहे. पण घरी, शेतात, मैदानात 'बल' कोण म्हणतं? तिथे जोर असतो, ताकद असते, दम असतो, रेटा असतो. "चेंडूत दम नव्हता, म्हणून सीमेपार गेला नाही." "विटीला जोर बसला नाही." मराठीत जोर वस्तूच्या आत भरता येतो, तो उरतो, तो सरतो. भौतिकशास्त्रातलं बल असं कशात भरून ठेवता येत नाही. ते दोन वस्तूंमध्ये असतं आणि हात सुटला की हाताचं बल तिथेच संपतं. मुलगा जेव्हा 'जोर सरला' म्हणतो तेव्हा तो अज्ञानी नसतो, आपली भाषा चोख बोलत असतो. मी मात्र 'बल' म्हणतो आणि त्याने 'जोर' विसरावा अशी अपेक्षा धरतो.

आणि ही कल्पना काही फक्त पोराटोरांची नाही. वैशेषिक सूत्रांत सुटलेल्या बाणाचं विवेचन आहे. ढकलल्यामुळे बाणाची पहिली हालचाल होते, त्या हालचालीतून 'संस्कार' निर्माण होतो, आणि त्या संस्कारामुळे पुढची, त्याच्या पुढची हालचाल होत राहते. लगेच पुढचं सूत्र: 'संस्काराभावे गुरुत्वात् पतनम्', संस्कार उरला नाही की जडपणामुळे पडणं. आता मागच्या बाकावरचं वाक्य परत वाचा. "तो सरला की येतंय खाली." चौदाव्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाननेही फेकलेल्या वस्तूत एक प्रेरणा भरली जाते, असं जवळपास याच धर्तीवर मांडलं होतं. गॅलिलिओ आणि न्यूटनला जे मोडून काढायला एवढी शतकं थांबावं लागलं, ते चार मिनिटांच्या ॲनिमेशनने एका तासिकेत मोडावं, ही आपलीच अपेक्षा जरा जास्तीची होती.

म्हणून दुसऱ्या खेपेला टीव्ही लावलाच नाही. त्या मुलाला पुढे बोलावलं, त्याचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला सांगितलं की आज हे वाक्य आपण गंभीरपणे खरं मानून चालू. जोर चेंडूत भरलेला आहे. मग टेबलावर चेंडू नुसता ठेवला तर त्यात किती जोर? शून्य. चालत्या एसटीत माझ्या हातात असलेल्या चेंडूत किती? इथे गडबड सुरू झाली. एसटीत बसलेला म्हणेल शून्य, रस्त्यावर उभा असलेला म्हणेल भरपूर. एकाच चेंडूत एकाच वेळी जोर आहे पण आणि नाही पण, हे कसं? तो मुलगा म्हणाला, "सर, मग तो जोर नाहीच म्हणायचा. तो नुसता वेग झाला." हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं.

या प्रकरणाला किती ताणायचं

उत्साहाच्या भरात हे विसरायला नको की सिडनीचे विद्यार्थी भौतिकशास्त्र निवडून विद्यापीठात आलेले होते. आमच्या वर्गात विज्ञान निवडलेलं नसतं, ते वेळापत्रकात असतं. दुसरं म्हणजे ११ हा आकडा. जिंकलेल्या गटालाही २६ पैकी निम्मे गुण मिळाले नाहीत. चांगल्यातला चांगला व्हिडिओसुद्धा एकटा एवढंच करू शकला. जाहिरातीत 'एक व्हिडिओ आणि संकल्पना पक्की' असं वाचलं की मला तो ११ आठवतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. न्यूटनच्या नियमांबद्दल लोक काय काय चुकतात, याच्या याद्या १९८० आणि ९०च्या दशकांतल्या संशोधनातून तयार होत्या. पटकथा लिहिणाऱ्याला चुका कल्पनेने रचाव्या लागल्या नाहीत. पण नव्या संशोधनाचं काय? काल-परवा लागलेल्या शोधाबद्दल मुलांच्या मनात कोणते गैरसमज आहेत, याची यादी कुठे मिळणार? ती आपल्यालाच गोळा करावी लागते.

प्रत्येक छोट्या व्हिडिओला हे ओझं असावं असंही मी म्हणणार नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या कितीतरी छोट्या फिती केल्या, मराठीसकट अनेक भाषांत. त्यांत गैरसमजाचं खंडन वगैरे काही नसतं. स्ट्रॉ कापा, फुंका, वाजली पिपाणी. पण त्या फितीचा खरा शेवट पडद्यावर होत नाही, पोराच्या हातात होतो. पिपाणी वाजली नाही तर ते पोरगं स्वतःच चूक शोधतं. जिथे हात लावता येतो तिथे चूक दाखवून द्यायला वस्तू हजर असते. जिथे हात पोचत नाही तिथे, म्हणजे कृष्णविवर, विषाणू किंवा अणू अशा ठिकाणी, ते काम कुणीतरी बोलून करावं लागतं.

औंढ्याची 'दुर्बीण'

आमचा जिल्हा हिंगोली. औंढा नागनाथ एरवी ज्योतिर्लिंगासाठी ओळखलं जातं. आता तिथे लायगो-इंडिया हा प्रकल्प होतो आहे: गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी, टिपणारं यंत्र. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला तत्त्वतः मान्यता दिली १७ फेब्रुवारी २०१६ला, गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाल्यावर सहाच दिवसांनी. बांधकामाच्या खर्चाला, सुमारे २,६०० कोटी रुपयांना, मंजुरी मिळाली एप्रिल २०२३मध्ये. पुण्याची आयुका यातल्या प्रमुख संस्थांपैकी एक, आणि या लहरींचा ठसा आकड्यांच्या गदारोळातून कसा हुडकायचा याच्या गणितावर आयुकाचे संजीव धुरंधर कित्येक वर्षं आधीपासून काम करत होते. एवढं सगळं आमच्या दारात घडतंय, तर वर्गात त्यावर एक व्हिडिओ नको?

पहिला व्हिडिओ मी एकट्याने केला. मोबाइलवर, स्वतःच्या आवाजात. १४ सप्टेंबर २०१५, अमेरिकेतली दोन यंत्रं, १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळलेली दोन कृष्णविवरं, एक ३६ सूर्यांइतकं जड, दुसरं २९. त्यांतल्या सुमारे ३ सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा होऊन लहरींच्या रूपाने बाहेर पडली. शेवटी तो प्रसिद्ध 'व्हूप' असा चढत जाणारा आवाज लावला. वर्ग थक्क झाला. मला वाटलं, जमलं.

मग सिडनीचं वाचून झाल्यावर त्याच वर्गाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही, फक्त लिहायचं: औंढ्याला काय होणार आहे आणि तिथे काय सापडणार आहे?

चिठ्ठ्या घरी नेऊन कॉटवर पसरल्या. बऱ्याच जणांनी 'मोठी दुर्बीण' असं लिहिलं होतं. बरेच जण लिहितात, तिथे आकाशातून आवाज ऐकू येणार. एकाने लिहिलं, लहर आली की आपलं वजन कमी होणार. एकीला भीती होती की कृष्णविवर इकडे ओढलं जाईल. दुर्बिणीचं ठीक आहे, तो शब्द गावात सगळेच वापरतात. पण आवाजाचा गैरसमज कुठून आला? माझ्याच व्हिडिओतून. थक्क करण्याच्या नादात मी स्वतः तो मुलांच्या हाती दिला होता. आणि मजा बघा, सातवी-आठवीत याच मुलांनी परीक्षेत लिहिलं होतं की निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात गुण्यागोविंदाने नांदत होत्या.

दुसरा व्हिडिओ वर्गातल्याच दोन मुलींनी केला. शाळेच्या मागच्या भिंतीशी, एका दमात. मध्येच कुठेतरी हळद पॉलिश करायचं ड्रम फिरायला लागलं, त्याची घरघर व्हिडिओत आहे. अडीच मिनिटांतला मधला तुकडा असा:

"म्हणजे ती दोन विवरं धडकली, त्याचा आवाज झाला, आन् तो अमेरिकेत ऐकू आला. बरोबर ना?"

"आवाज यायला मध्ये काय लागतं?"

"हवा. नाहीतर पाणी, लोखंड, कायतरी."

"मग त्यांच्या नि आपल्या मध्ये काय आहे?"

"काहीच नाही… पण मी ऐकलाय की तो आवाज! सरांनी लावला होता!"

पटकथा लिहिताना शेवटचं वाक्य माझ्या मनात नव्हतं. मी गैरसमजाला एका प्रश्नात गार करून पुढे निघालो होतो. तालमीत ती मुलगी अडून बसली, "पण सर, मी ऐकलाय." तिचं म्हणणं रास्त होतं. कानाने ऐकलेलं एका वाक्यात कसं सोडून द्यायचं? म्हणून ते वाक्य आत घेतलं आणि व्हिडिओ तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाला. यंत्राला कान नाहीत. काटकोनात दोन लांब नळ्या आहेत, प्रत्येकी ४ किलोमीटरची. आत लेझरचा प्रकाश जातो, टोकाच्या आरशावरून परत येतो. लहर आली की एक बाजू किंचित लांब होते, दुसरी किंचित आखूड. किंचित म्हणजे अणूच्या पोटातल्या प्रोटॉनहूनही शेकडो पटींनी कमी. ही लांबी पुढे-मागे व्हायला लागली ती सेकंदाला ३५ वेळा, आणि एकपंचमांश सेकंदात ती २५० वेळांवर गेली. योगायोगाने हे आकडे माणसाच्या कानाच्या टप्प्यात बसतात. म्हणून शास्त्रज्ञांनी तो आलेख स्पीकरला जोडला. जसं ईसीजीच्या यंत्रातून 'टूं टूं' येतं, पण छातीत काही टूं टूं वाजत नसतं.

ईसीजीचं उदाहरण त्या मुलीचं. तिच्या आजोबांना नांदेडला नेलं होतं तेव्हा तिने ते ऐकलं होतं. (खरं तर टूं टूं मॉनिटरमधून येतं, ईसीजीच्या कागदातून नाही. पण मी दुरुस्त केलं नाही. आता सिडनीच्या धड्यानुसार करायला हवं होतं असं वाटतं.)

याला मी प्रयोग म्हणणार नाही. तुलनेला दुसरा गट नव्हता, दोन्ही व्हिडिओ एकाच वर्गाने पाहिले आणि मधल्या काळात चिठ्ठ्यांवर बोलणंही झालं होतं. आठवड्याने परत चिठ्ठ्या घेतल्या तेव्हा 'आवाज ऐकू येणार' खूपच कमी झालं होतं, पण गेलं नव्हतं. 'दुर्बीण' जशीच्या तशी. वजन कमी होण्याबद्दल व्हिडिओत काहीच नव्हतं, आणि तो गैरसमज उलट दोन-तीन चिठ्ठ्यांत वाढलेला दिसला. 'एक बाजू लांब, एक आखूड' याचा कुणीतरी तसा अर्थ लावला असावा. नवीन व्हिडिओ नवीन गैरसमज जन्माला घालतो, हे आता मी धरूनच चालतो.

एक तक्रारही आली. एका पालकाने पालकसभेत विचारलं, "सर, तुमच्या व्हिडिओत पोरगी चुकीचं बोलती. असं शाळेच्या ग्रुपवर कशाला टाकता?" मी सिडनीचे आकडे सांगायला लागलो तसे ते आणखी गोंधळले. मग मुख्याध्यापकांच्या सल्ल्याने व्हिडिओच्या सुरुवातीला एक पाटी घातली: 'यातलं पहिलं मत चुकीचं आहे. कुठे चुकतं ते शोधा.' पालक शांत झाले. पण मला वाटतं त्या पाटीने थोडी मजा घालवली. आधी मुलं त्या मुलीच्या बाजूने असायची, आता पहिल्या सेकंदापासून तिच्या विरुद्ध असतात. दहावीच्या वर्गाला मी गुपचूप बिनपाटीचा दाखवतो.

मुलरने पुढे वाहिनीवर जे केलं ते या पाटीपेक्षा हुशारीचं होतं. सुरुवातीच्या कित्येक व्हिडिओंत तो रस्त्यावर, बागेत भेटलेल्या लोकांनाच प्रश्न विचारायचा आणि त्यांची उत्तरं, चुकीची असली तरी, पूर्ण होऊ द्यायचा. लोंबता धरलेला सर्पिल स्प्रिंग वरून सोडला तर त्याचं खालचं टोक काय करेल, हा प्रश्न त्याने एका व्हिडिओत टाकला आणि उत्तर वेगळ्या व्हिडिओत ठेवलं. मधल्या वेळात तुम्ही मनाशी काहीतरी ठरवलेलं असतं. उत्तर असं की वरचा भाग गोळा होत येऊन पोचेपर्यंत खालचं टोक हवेत जागच्या जागी थांबतं. आधी अंदाज बांधला नसेल, तर यात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नाही.

तोच धागा पकडून आता आम्ही तिसरा व्हिडिओ करतोय. त्याचा प्रश्न नववीतल्याच एकाने दिला. दुसरा व्हिडिओ संपल्यावर त्याने हात वर केला: "सर, एवढी बारीक लांबी मोजतेत, तर शेजारून ट्रॅक्टर गेला तर?"

उत्तर मला माहीत होतं. जमीन थरथरतेच, म्हणून आरसे अनेक टप्प्यांच्या झुलत्या टांगणीवर असतात. आणि म्हणूनच अमेरिकेत यंत्रं दोन आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर. २०१५ची ती लहर आधी लिव्हिंगस्टनला दिसली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला, अगदी त्याच आकाराची. पण मी काही बोललो नाही. चिठ्ठ्या वाटल्या, डबा फिरवला.

निम्म्या चिठ्ठ्यांत 'ट्रॅक्टरला बंदी' होती. एकात, 'रात्री मोजायचं.' आणि एका चिठ्ठीत, पेन्सिलने: 'दोन गावांत बसवायचं. दोन्हीकडं एकाच टायमाला एकाच चालीचा ट्रॅक्टर कसा जाईल?'

चिठ्ठीवर नाव नाही. अक्षर ओळखीचं वाटतंय, पण विचारलेलं नाही.